नेपल्स बंदरातील एक दिवस: जहाजाची सहल घ्यावी की स्वतः फिरावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मे महिन्यात आपण, आपल्या सौभाग्यवती आणि सत्तरी ओलांडलेल्या आपल्या थोरल्या भगिनी, ज्यांना आपण पत्रात अक्का म्हटले आहे, असे तिघे सोलापूरहून भूमध्य समुद्रातील सात रात्रींच्या क्रूझला निघत आहात. एका बुधवारी जहाज सकाळी ७ ते सायंकाळी ६ या वेळेत इटलीतील नेपल्सला थांबणार असून दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिसिली बेटावरील पालेर्मोला पोहोचेल. सौभाग्यवतींना ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेलेले पाँपेई हे प्राचीन शहर पाहायचे आहे, अक्कांचे गुडघे दुखतात, तिघेही शुद्ध शाकाहारी आहात, आणि जहाज कंपनी बंदरातून पाँपेईला जी सहल नेते तिचे माणशी दर पाहून आपले मन कचरते आहे. तेव्हा ती सहल घ्यावी, स्वतः जावे, की अक्कांसोबत जहाजावरच थांबावे, असे आपण विचारले आहे.

सोलापूर आणि आसपासच्या मंडळींना परदेशी सहलींवर नेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. त्या आधारावर माझे मत सांगतो: स्वतः जावे, तिघांनीही जावे, पण रेल्वेने न जाता ठरावीक दराच्या अधिकृत टॅक्सीने जावे. सकाळी पाँपेई एवढी एकच गोष्ट पक्की ठेवावी. नेपल्सचे पुरातत्त्व संग्रहालय ही दुसरी गोष्ट ऐच्छिक ठेवावी आणि तिचा निर्णय दुपारी बाराच्या सुमारास अक्कांना विचारून घ्यावा. काप्री बेट किंवा अमाल्फीचा किनारा यांचा विचार या दिवसापुरता मनातून काढून टाकावा.

पहिली गोष्ट वेळेची. ७ ते ६ म्हणजे ११ तास हातात आहेत असे पत्रक वाचताना वाटते, पण प्रत्यक्षात तसे नसते. जहाज धक्क्याला लागल्यावर बंदराच्या अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कोणालाही खाली सोडत नाहीत. परवानगी मिळाली की आधी जहाजाच्या सहलींचे गट उतरवले जातात आणि स्वतंत्र फिरणाऱ्यांना त्यानंतर वाट मिळते. म्हणून साडेआठपूर्वी आपण टॅक्सीत बसाल असे धरू नका. दुसऱ्या टोकाला, जहाज सहाला सुटणार असेल तर प्रवाशांनी परत येण्याची अंतिम वेळ त्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. ती आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात आणि उतरण्याच्या दाराशी लावलेल्या फलकावर लिहिलेली असते. मी माझ्या गटांना त्या वेळेच्याही दीड तास आधी बंदरात परतायला सांगतो. बेत नेहमी परतीच्या वेळेपासून मागे मोजत करावा: साडेतीनला बंदर, त्याआधी जेवण, त्याआधी संग्रहालय की नाही हे मग आपोआप दिसू लागते. सकाळपासून पुढे मोजत गेलेला बेत दुपारी हमखास फसतो, कारण प्रत्येक ठिकाणी 'आणखी दहा मिनिटे' म्हणणारे कोणी ना कोणी गटात असतेच.

हातातील घड्याळ जहाजाच्या वेळेवरच ठेवावे आणि मोबाइलवर विसंबू नये. आपल्या मार्गात इटलीच्या वेळेतच सगळी बंदरे येत असतील तर फरक पडणार नाही; परंतु ग्रीससारख्या एक तास पुढे असलेल्या देशाला स्पर्श करणाऱ्या सफरींत मोबाइल आपण होऊन वेळ बदलतो आणि जहाज मात्र कधी कधी बदलत नाही. समुद्रात असताना मोबाइल विमान स्थितीत ठेवावा हेही सांगून ठेवतो, कारण जहाजावरील सागरी नेटवर्कला तो जोडला गेला तर भारतातून घेतलेले रोमिंगचे पॅक तिथे सहसा लागू नसते आणि बिल पाहून डोळे पांढरे होतात.

आता जहाजाच्या सहलीबद्दल. तिच्या दरात बस, मार्गदर्शक आणि प्रवेशशुल्क असते हे खरे, पण आपण मुख्यतः विकत घेत असतो ती परतीची हमी. जहाजाने आयोजित केलेल्या सहलीची बस वाहतुकीत अडकली तर जहाज थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते. स्वतंत्र गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. ही हमी कुठे विकत घ्यावी आणि कुठे घेऊ नये, हा खरा प्रश्न आहे. रोमसाठी जहाजे ज्या चिविटावेक्किया बंदरात लागतात ते रोमपासून सत्तरहून अधिक किलोमीटर दूर आहे, आणि फ्लॉरेन्ससाठीचे लिव्होर्नोही असेच लांब आहे. अशा बंदरांत प्रथमच जाणाऱ्या ज्येष्ठांना मी जहाजाचीच सहल घ्यायला सांगतो. नेपल्सचे मात्र तसे नाही. इथे जहाज शहराच्या मध्यभागी लागते. टर्मिनलच्या बाहेर आलात की समोर कास्तेल नुओव्होचा किल्ला दिसतो आणि त्याच्या शेजारीच म्युनिचिपिओ हे मेट्रो स्थानक आहे. जहाज धक्क्याला लागत असल्याने छोट्या होडीतून किनाऱ्यावर जाण्याचा त्रासही नाही, आणि भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक फार कमी असल्याने उतरण्याचा पूल दिवसभरात फारसा तिरपा होत नाही. अक्कांच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नाही.

अक्कांसाठीच जहाजाची सहल मला नको वाटते. तीस-चाळीस जणांचा गट, हातात फलक धरून पुढे चालणारा मार्गदर्शक, त्याचे बोलणे ऐकण्यासाठी कानाला लावलेले यंत्र आणि दोन तास न थांबता दगडी रस्त्यांवरची चाल असे अर्ध्या दिवसाच्या पाँपेई सहलीचे स्वरूप असते. वेळेच्या दृष्टीने ती सर्वांत सुरक्षित असली तरी गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती सर्वांत गैरसोयीची ठरते. मागे राहिलेल्या व्यक्तीला गट गाठण्यासाठी ओढाताण करावी लागते आणि बसायचे म्हटले तर सगळ्यांचा खोळंबा होतो, या संकोचाने ती बसतही नाही.

रेल्वे स्वस्त आहे आणि तरुणांना मी तीच सुचवतो. म्युनिचिपिओहून मेट्रोने गारिबाल्दी, तिथून चिर्कुमव्हेसुव्हियाना या स्थानिक रेल्वेच्या सोरेंतोकडे जाणाऱ्या गाडीने 'पाँपेई स्कावी' हे स्थानक साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांत येते आणि प्रवेशद्वार स्थानकाच्या समोरच आहे. पण त्या गाड्या जुन्या आहेत, गर्दीच्या वेळी उभे राहावे लागते, जिने चढावे-उतरावे लागतात, आणि खिसेकापूंसाठी हा मार्ग प्रसिद्ध आहे. शिवाय इटलीत रेल्वेचे संप होत असतात. ते आधी जाहीर होतात आणि ठरावीक वेळांत गाड्यांची हमीही दिली जाते, तरी एका दिवसाच्या प्रवाशाला ते गणित जमवणे अवघड जाते.

टॅक्सीचे गणित तुमच्यासारख्या तिघांना अनुकूल आहे, कारण जहाजाचा दर माणशी असतो आणि टॅक्सीचा गाडीमागे. नेपल्सच्या अधिकृत पांढऱ्या टॅक्सींना काही मार्गांसाठी महापालिकेने ठरवलेले दर आहेत आणि पाँपेईला जाऊन, थांबून, परत येण्याचाही त्यांत समावेश आहे. मात्र हा ठरावीक दर हवा असे प्रवास सुरू होण्यापूर्वी सांगावे लागते, नंतर सांगून उपयोग नसतो. दरपत्रक टॅक्सीत लावलेले असते, ते दाखवायला सांगण्यात काहीही गैर नाही. थांबण्याचा अवधी किती आणि त्यापुढच्या वेळेचे किती पैसे, हे कागदावर आकडे लिहूनच ठरवावे, म्हणजे भाषेचा घोळ होत नाही. पैसे परतल्यावरच द्यावेत. टर्मिनलच्या आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणत मागे लागणाऱ्यांकडे लक्ष न देता बाहेरच्या अधिकृत थांब्यावर जावे.

पाँपेईची तिकिटे भारतातूनच ऑनलाइन काढा. नोव्हेंबर २०२४ पासून तिथे दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा आहे आणि तिकिटावर प्रत्येकाचे नाव असते, त्यामुळे ओळखपत्र सोबत लागते. जहाजाने पासपोर्ट ठेवून घेतले असतील तर स्पष्ट छायाप्रत आणि जहाजाचे कार्ड जवळ ठेवा.

टॅक्सीचालकाला 'पियाझ्झा अँफितेआत्रो' या प्रवेशद्वाराशी सोडायला सांगा. बहुतेक गट पोर्ता मरीना या दाराने येतात, आणि तो चढ गुडघ्यांना सोसणारा नाही. अँफितेआत्रोच्या बाजूने 'सर्वांसाठी पाँपेई' हा तीन किलोमीटरहून अधिक लांबीचा सुगम मार्ग आखलेला आहे. चाकाची खुर्ची किंवा काठी घेऊन चालणाऱ्यांचा विचार करून त्यावर उतार केलेले आहेत. तो सगळा चालायची गरज नाही. आत शिरताच इ.स.पू. ७० च्या सुमाराचे दगडी रंगमंडल, म्हणजे भोवती बैठका असलेला उघडा आखाडा, लागते, जे आज टिकून असलेल्या दगडी रंगमंडलांत सर्वांत जुने मानले जाते. तिथून व्हिया देल्लाब्बोंदान्झा या मुख्य रस्त्याने फोरमच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाच्या, दिशेने सावकाश जावे. या रस्त्यावरच्या दगडांत गाड्यांच्या चाकांनी पडलेले चर आणि पादचाऱ्यांनी रस्ता ओलांडण्यासाठी ठेवलेले उंच दगड दिसतात. ते पाहावेत, अक्कांनी मात्र त्यांवर पाय ठेवू नये. सावली जवळजवळ नाही. सोलापूरच्या मे महिन्यातून आलेल्या माणसाला तिथले ऊन काहीच वाटणार नाही, परंतु डोक्यावर टोपी आणि हातात पाण्याची बाटली असू द्यावी. पिण्याच्या पाण्याचे नळ आत आहेत.

इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकाने गाडले गेलेले हे शहर साधारण ६६ हेक्टरांचे आहे आणि त्याचा जवळपास तिसरा भाग अजून उत्खननाविना आहे, म्हणून 'सगळे पाँपेई पाहून झाले' असे कोणीच म्हणू शकत नाही. तुम्ही चार-पाच ठिकाणे निवडावीत, आणि सोलापूरच्या माणसाने त्यांत स्तेफानसचे फुलोनिका अवश्य धरावे. हा कापड धुण्याचा आणि त्यावर अंतिम प्रक्रिया करण्याचा कारखाना याच मुख्य रस्त्यावर आहे. कापड तुडवण्याची कुंडे आणि धुण्याचे हौद अजून जागेवर दिसतात. साबणाऐवजी तिथे साठवलेले मूत्र वापरत, कारण त्यातील अमोनियाने तेलकटपणा निघतो. ज्यांनी चादरीच्या किंवा टॉवेलच्या कारखान्यातील प्रोसेसिंग जवळून पाहिले आहे, त्यांना या हौदांची मांडणी मार्गदर्शकाशिवाय उमगते, असा माझा अनुभव आहे. पुढे फोरमवर युमाकिया नावाच्या श्रीमंत पुजारिणीने बांधलेली मोठी इमारत आहे. तिचा पुतळा शहरातल्या कापड धुणाऱ्यांच्या संघाने उभारला होता. मूळ पुतळा आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कापडाच्या धंद्यातील संघटना आणि त्यांचे आश्रयदाते ही गोष्ट किती जुनी आहे ते तिथे कळते.

अडीच तास पुरेत. परत फिरून अँफितेआत्रोकडे यायचे की फोरमच्या बाजूने बाहेर पडायचे, हे चालकाशी आधीच ठरवावे, कारण दोन दारांमधले अंतर पायी कापण्याची वेळ अक्कांवर येऊ नये. निघण्यापूर्वीच्या महिन्यात त्यांना सहलीत घालायचेच बूट घालून भुईकोट किल्ल्याच्या बागेत सलग तासभर चालवून पाहा. ते जमले तर पाँपेई जमेल. नाही जमले तर सकाळचे ठिकाण संग्रहालय करावे, आणि पाँपेईला तुम्ही दोघांनी जहाजाच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीने जावे; त्या वेळी अक्का जहाजावर थांबल्या तरी वाईट वाटण्याचे कारण नाही, कारण बंदराच्या दिवशी जहाज रिकामे असते आणि लिफ्टपासून डेकवरच्या खुर्च्यांपर्यंत सगळे निवांत मिळते.

संग्रहालयाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण आपल्या भागातील प्रवाशांना त्याचे महत्त्व सहसा कोणी सांगत नाही. ते मंगळवारी बंद असते. तुमचा बुधवार आहे हे सुदैव. पाँपेईतील उत्तम मोझेक, भित्तिचित्रे आणि पुतळे जागेवर न ठेवता इथे आणलेले आहेत, आत लिफ्ट आहे, आणि मेट्रोचे 'म्युझेओ' स्थानक जवळच आहे. या संग्रहातच एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, सुमारे पंचवीस सेंटिमीटर उंचीची, जी १९३८ मध्ये पाँपेईच्या एका घरात सापडली आणि 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणून ओळखली जाते. अभ्यासकांपैकी अनेक जण तिला यक्षी मानतात आणि ती एखाद्या लहान मेजाचा किंवा आरशाचा आधार असावी असे म्हणतात. ती भारतीय आहे याबद्दल वाद नाही. ती भारतात नेमकी कुठे घडली याबद्दल आहे. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती भोकरदनला आणि आपल्या तेरला सापडल्या आहेत. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील एका ग्रीक व्यापारी वृत्तांतात तगरहून भडोचकडे जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. सहलीला निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी तेरचे रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहून या. सोलापूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत परत येता येते आणि त्यानंतर नेपल्समध्ये त्या काचेसमोर उभे राहताना आपण काय पाहत आहोत हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

एक सूचना मात्र आधीच द्यायला हवी. ही मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त कक्षा'त ठेवलेली असते, आणि त्या कक्षात पाँपेईतील कामविषयक चित्रे व शिल्पे आहेत. थोरल्या बहिणीसोबत आत शिरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी माहीत असलेले बरे. कक्ष त्या दिवशी उघडा आहे का, हे तिकीट खिडकीवरच विचारावे.

जेवणाचे म्हणाल तर नेपल्समध्ये शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. पिझ्झा मारिनारामध्ये टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते; मासे नसतात आणि चीजही नसते. मार्गेरिता सर्वांना ठाऊक आहेच. सावध राहायचे ते दुकानांत मांडलेल्या फराळाच्या पदार्थांबद्दल. नेपल्सचे मिरी-बदामाचे ताराल्ली हे कडबोळ्यासारखे दिसते आणि आपल्या लोकांना मोह पडतो, पण पारंपरिक कृतीत डुकराची चरबी असते. स्फोल्यातेल्ला या पापुद्र्यांच्या गोड पदार्थातही ती अनेकदा घालतात. 'स्त्रुत्तो' किंवा 'सुन्या' हे या चरबीसाठीचे इटालियन शब्द कागदावर लिहून घ्या आणि विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला दाखवा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेण्याबद्दल आपण विचारले आहे. घरी बांधलेले अन्न जहाजावर बहुधा चढवू देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली, घटकांचे लेबल असलेली पाकिटे सहसा चालतात, तरी आपल्या कंपनीचा नियम वाचून घ्यावा. पेढे, खवा, तूप मात्र नेऊच नका, कारण बाहेरील देशांतून येणाऱ्या प्रवाशांना दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात आणण्यास मनाई आहे. जहाजावरील नाश्त्यातील फळे किंवा पोळ्या डब्यात भरून बंदरावर नेणेही नियमात बसत नाही.

दागिने केबिनच्या तिजोरीत ठेवावेत. सौभाग्यवतींना मंगळसूत्र काढायचे नसेल तर ते कपड्यांच्या आत राहील असे पाहावे आणि पर्स पुढच्या बाजूला धरावी. कार्डने पैसे देताना यंत्र 'रुपये की युरो' असे विचारते, तिथे युरोच निवडावे. रुपये निवडले तर विनिमयाचा दर आपल्याला महागात पडतो.

दैनिक पत्रकावर नेपल्समधील बंदर प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, त्याचे छायाचित्र काढून ठेवा. काही कारणाने उशीर होणार असे दिसले की सर्वप्रथम त्याला कळवायचे असते. जहाज सुटलेच, तर तिजोरीतील पासपोर्ट बहुधा त्याच्याकडे सुपूर्द केलेले असतात, आणि पालेर्मो गाठण्याचा खर्च आपला असतो. तिथे नेपल्सहून रात्रीची फेरी बोट जाते आणि रेल्वेही जाते. मेसिनाच्या सामुद्रधुनीवर ती गाडी डब्यांसकट बोटीत चढवतात. रेल्वेच्या विभागीय मुख्यालयाच्या गावातील माणसाला हे पाहण्यासारखे असले, तरी ते निवांतपणे ठरवून पाहावे.

संग्रहालय झाले नाही आणि दुपारी वेळ उरला, तर बंदरापासून दहा-पंधरा मिनिटांच्या चालीवर गॅलेरिया उम्बेर्तो ही काचेच्या छताची बाजारपेठ आहे. तिथे अक्कांना बसवून कॉफी घ्यावी; उभ्याने काउंटरवर घेतली तर स्वस्त पडते, बसून घेतली तर टेबलाचे पैसे वेगळे लागतात, पण या एका ठिकाणी ते द्यावेत. लिमोनचेल्लोची बाटली कोणासाठी विकत घेणार असाल तर जहाजात शिरताना तपासणीत ती काढून घेतील आणि पावती देतील. ती सफरीच्या शेवटच्या संध्याकाळी परत मिळते, म्हणून पावती पासपोर्टसोबत ठेवावी.